हरित इमारतीचा निर्णय कुणाचा? इंजिनिअरला शेवटी बोलावण्याची पद्धत बंद व्हायला हवी

स्ट्रक्चरवाला_पुणे

मी पुण्यात स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करतो. एक ठाम मत मांडतो, पटत नसेल तर मोकळेपणाने खोडून काढा.

आपल्याकडे इमारत 'ग्रीन' होते ती प्लॅन पक्का झाल्यावर. आधी जमिनीचा व्यवहार होतो, मग एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल तो हिशेब, बसवला जातो, पार्किंगचा आकडा ठरतो, विक्रीवाले फ्लॅटचे आकार सांगतात आणि त्यानंतर ड्रॉइंग आमच्या टेबलावर येतं. सोबत प्रश्न एकच, चौरस फुटाला स्टील किती बसेल? आमच्यामागून एसी आणि प्लंबिंगचे कन्सल्टंट. सगळ्यांत शेवटी ग्रीन रेटिंगचा, म्हणजे इमारत किती पर्यावरणपूरक याच्या गुणांकनाचा, सल्लागार येतो आणि गुणांचा तक्ता भरतो. तोवर जे काही महत्त्वाचं होतं ते ठरून गेलेलं असतं.

एक उदाहरण देतो. खाली तीन मजले पार्किंग, वर टू-बीएचके. वरचे कॉलम गाड्यांच्या रांगेत बसत नाहीत. मग मधल्या एका मजल्यावर ते कॉलम थांबवायचे, त्यांचा भार दीड-दोन मीटर खोल बीमवर घ्यायचा आणि तिथून दुसऱ्याच जागच्या कॉलमवर उतरवायचा. याला आम्ही ट्रान्सफर मजला म्हणतो. साध्या मजल्याच्या कितीतरी पट काँक्रीट आणि गज या एका मजल्यात जातात. प्लॅन कच्चा असताना आम्हाला विचारलं असतं, तर रांगा थोड्या सरकवून निम्म्याहून जास्त कॉलम सरळ पायापर्यंत नेता आले असते. छपरावर सोलर पॅनल लावून त्या मजल्याची भरपाई होत नाही.

सिमेंटचंही तसंच. सिमेंटचा धूर म्हटलं की लोकांना भट्टीतला कोळसा आठवतो. खरं तर मोठा वाटा चुनखडीचाच असतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की त्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच, भट्टी कशावरही चालवा. म्हणून क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून मिळणारा सिमेंटचा मुख्य घटक, कमी वापरणं हाच खरा उपाय. त्याच्या जागी चालणारी फ्लाय अॅश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली राख, आपल्याकडे चंद्रपूर, कोराडी, परळी इथे डोंगराएवढी पडलेली असते, पोलाद कारखान्याची मळी, म्हणजे स्लॅग, रायगडातल्या डोलवीला मिळते. पण स्लॅगचं काँक्रीट ताकद सावकाश धरतं. पायाच्या सलग स्लॅबवर, म्हणजे राफ्टवर, पूर्ण भार यायला दोन-तीन वर्षं लागतात, तिथे नेहमीच्या २८ व्या दिवसाऐवजी ५६ व्या दिवशी मोजलेली ताकद हिशेबात धरायला काय हरकत आहे? चाचण्यांचा पुरावा असेल तर कोड, म्हणजे बांधकामाचं भारतीय मानक (आयएस), तोही आडवा येत नाही. हा निर्णय इंजिनिअरच घेऊ शकतो. त्याला तो घ्यायला कुणी सांगत नाही, आणि आम्हीही मागत नाही.

माझं म्हणणं असं: स्ट्रक्चर आणि सर्व्हिसेस (एसी, प्लंबिंग, वीज) या दोन्ही इंजिनिअरना प्लॅन होण्याआधी बसवा. इमारतीत किती काँक्रीट, किती पोलाद, किती उष्णता आत येणार, किती पाणी लागणार याच्या आकड्यांवर त्यांची सही घ्या, जशी भूकंपसुरक्षेवर घेता. आणि लोक राहायला गेल्यावर तेच आकडे पुन्हा तपासा.

ओसरी

मी नाशिकला आर्किटेक्ट आहे. तुम्ही मांडलेली अडचण खरी आहे, उपाय मला मान्य नाही.

इमारत थंड राहील की नाही हे दिशा, छज्जे, खिडक्यांच्या जागा, अंगण आणि सावली यावर ठरतं. हे सगळं रचनेचं काम आहे. इंजिनिअर मंडळी मात्र आधी प्रश्न तयार होऊ देतात आणि मग त्यावर यंत्र सुचवतात. पश्चिमेला अख्खी काच चालते, कारण एसीचं टनेज वाढवून मिळतं.

आणि इंजिनिअर आधीच टेबलावर असला की काय होतं ते मी अनेकदा पाहिलंय. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं संकुल सत्तरच्या दशकात उघड्या विटांत बांधलं, ते आजही वापरात आहे. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडणारी त्यांची रॅट-ट्रॅप पद्धत जवळपास २५ टक्के विटा वाचवते आणि पोकळीमुळे ऊनही कमी आत येतं. मी गिरणा भागातल्या एका घरासाठी हीच भिंत आणि वर फिलर स्लॅब मांडला, तर स्ट्रक्चरवाल्यांचं उत्तर आलं, 'यावर सही मिळणार नाही, आरसीसी फ्रेम करून टाका.' दोन खोल्यांच्या घराला काँक्रीटच्या कॉलम-बीमची फ्रेम! स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेतच नाही, गज घेतात, म्हणून तिथे मंगळुरी कौलं घालून काँक्रीट वाचवायचं, हा विचार तर तुमच्याच शास्त्राचा आहे. मग तुम्हीच त्याला का घाबरता?

आपल्या आजोबांची मातीची, माळवदाची घरं मे महिन्यात पंख्याविना राहण्यासारखी होती. ती कुठल्या इंजिनिअरने सही करून बांधली नव्हती.

मांजराकाठ

ओसरीताई, बाकी सगळं ठीक, पण माळवदाचं नाव इतक्या सहज घेऊ नका. मी लातूर जिल्ह्यातला आहे, सिव्हिल इंजिनिअर आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं त्याच थंडगार घरांखाली गेली. भिंती दोन-अडीच फूट जाड. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून एक, मधे चिपा आणि माती भरलेली. दोन्ही पापुद्रे एकमेकांना बांधणारा आरपार दगड कुठेही नाही. वर लाकडी तुळया आणि त्यावर दीड-दोन फूट माती. दरवर्षी गळू नये म्हणून मातीचा एक थर आणखी चढायचा, म्हणजे घर जितकं जुनं तितका डोक्यावरचा भार जास्त. जमीन हलल्यावर पापुद्रे बाहेर फुगून ढासळले आणि छप्पर सरळ खाली आलं. आणि हा भाग तेव्हाच्या नकाशात भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

म्हणून 'इंजिनिअरशिवाय बांधली होती' ही गोष्ट आमच्याकडे कौतुकाने सांगितली जात नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण तुमचा राग मला कळतो. भूकंपानंतर लोकांनी दगड-मातीकडे पाठच फिरवली. नव्या वसाहतींत काँक्रीट आणि ब्लॉकची घरं आली, ती मजबूत आहेत, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी आत बसवत नाही. लोक झाडाखाली जाऊन बसतात. दोन्ही टोकांच्या मधली वाट होती. दर काही फुटांवर आरपार दगड घालायचे, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवायचा, छप्पर हलकं करायचं. माती आणि दगड-विटांच्या साध्या घरांसाठी आयएस १३८२७ आणि १३८२८ हे दोन कोड १९९३ सालचेच आहेत. म्हणजे 'यावर सही मिळणार नाही' असं तुम्हाला सांगणाऱ्याने कोड उघडून पाहिलाच नव्हता. आम्हा इंजिनिअर लोकांना कॉलेजात चार वर्षं फक्त काँक्रीट आणि पोलाद शिकवतात. माती, दगड, चुना, बांबू यांवर एक धडा असला तर असला. दोष तिथे आहे.

ओसरी

किल्लारीबद्दल तुमचा शब्द मी मान्य करते. आरपार दगड आणि पट्टा हे ज्याला कळतं असा इंजिनिअर पहिल्या दिवसापासून सोबत असेल तर मला आनंदच आहे. माझा विरोध आहे तो सहीचा हक्क असलेल्या पण माती हातात न घेतलेल्या माणसाला.

दरपत्रक

मी एका बांधकाम कंपनीत खर्चाचं काम बघतो. वरच्या सगळ्या चर्चेत घर घेणारा माणूस कुठेच नाही.

साइट ऑफिसात गिऱ्हाईक येतं. कार्पेट किती, पार्किंग झाकलेलं की उघडं, ताबा कधी, कर्ज कुठल्या बँकेचं. भिंतीतून उष्णता किती येते असं आजवर कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. जमिनीचे पैसे व्याजाने आणलेले असतात, महारेराला ताब्याची तारीख दिलेली असते. प्रत्येक महिन्याचा उशीर शेवटी फ्लॅटच्या भावात जातो.

मायवॅनला सगळे नावं ठेवतात. अॅल्युमिनियमचे साचे लावायचे, भिंती आणि स्लॅब एकदमच ओतायचे, सात-आठ दिवसांत मजला. गवंडी मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, गिलाव्याला माणसं नाहीत. या पद्धतीत गिलावा जवळपास लागतच नाही, गळतीच्या तक्रारी कमी येतात, भूकंपाला इमारत उत्तम. आता सात दिवसांत साचे काढायचे तर काँक्रीटने लवकर ताकद धरली पाहिजे, म्हणून सिमेंट जास्त. ५६ दिवस थांबायचं तर मजला थांबतो, मजुरांचा पगार थांबत नाही.

आणि सरकारने प्रोत्साहन दिलंय की! राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत रेटिंगप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो, ठरलेलं रेटिंग आलं नाही तर दंडही आहे. बिल्डर ते करतोच. तुम्हाला आणखी सह्या, आणखी आकडे, आणखी एक कन्सल्टंट हवा असेल तर तो खर्च नाकातोंडाशी कर्ज घेऊन फ्लॅट घेणाऱ्या माणसाच्या डोक्यावर टाकताय, एवढं लक्षात ठेवा. या शहरांना घरं हवी आहेत, लाखोंनी.

एचव्हॅक_ठाणे

दरपत्रक साहेब, ज्या माणसाची तुम्ही काळजी करताय त्याचं वीजबिलही मोजा की. मी वातानुकूलनाचा इंजिनिअर आहे, म्हणजे घरं जितकी तापतील तितका माझा धंदा. तरीही सांगतो.

मायवॅनची सहा इंची काँक्रीटची भिंत आणि तेवढ्याच जाडीची एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या ब्लॉकची, भिंत शेजारी ठेवा. काँक्रीटमधून तिपटीहून जास्त उष्णता आत येते. पश्चिमेच्या बेडरूमची भिंत रात्री दहा वाजता हात लावून बघा, तवा उतरवून ठेवल्यासारखी ऊब असते. दिवसभर साठवलेलं ऊन ती रात्री माणूस झोपायला आल्यावर आत सोडते. मग त्या खोलीत दीड टनाचा एसी बसतो. बिल्डरचे वाचलेले महिने रहिवासी पुढची ३० वर्षं महावितरणला हप्त्याने भरतो.

यावर नियमच नाही असंही नाही. २०१८ च्या इको-निवास संहितेत घराच्या बाह्य कवचातून (छप्पर सोडून) आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दिली आहे, चौरस मीटरला १५ वॉट. उघड्या काँक्रीट भिंतीला छज्जा नसेल, वर गडद रंग आणि मोठ्या काचा असतील तर ही मर्यादा गाठणं फार अवघड. छज्जा, फिका रंग आणि योग्य खिडकी दिली तर मायवॅनमध्येही बरंच साधतं. इथे आर्किटेक्ट आणि मी एकाच टेबलावर, एकाच वेळी हवेत. प्लॅन पालिकेत मंजूर झाल्यावर छज्जा वाढवायचा तर पुन्हा मंजुरी, म्हणून कुणी हात लावत नाही.

आणि गरिबांच्या घरात हे जमत नाही हा समज राजकोटने मोडलाय. पंतप्रधान आवास योजनेतली तिथली स्मार्ट घर-३ वसाहत, हजाराहून जास्त घरं. भिंती एएसीच्या, खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या, मधल्या शाफ्टमधून (उभ्या मोकळ्या जागेतून) हवा खेचण्याची सोय. भर उन्हाळ्यात खोलीचं कमाल तापमान पाच अंशांहून जास्त खाली येईल अशी ती आखणी होती, एसीशिवाय. भारत-स्वित्झर्लंड सहकार्य प्रकल्पातले इंजिनिअर तिथे आखणीच्या टप्प्यावरच बसले होते.

ओसरी मॅडमच्या 'इंजिनिअर यंत्र सुचवतो' या आरोपाबद्दलही बोलतो. इन्फोसिसने हैदराबादला २०११ च्या सुमारास एक इमारत बरोबर दोन भागांत केली. एका अर्ध्यात नेहमीचं गार हवेचं एसी, दुसऱ्या अर्ध्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी फिरवून खोली थंड करायची. लोक सारखे, काम सारखं, ऊन सारखं. पहिल्या दोन वर्षांत पाण्याच्या बाजूने वातानुकूलनाला साधारण एक तृतीयांश वीज कमी घेतली आणि उभारणीचा खर्चही जास्त आला नाही. कारण साधं आहे, तेवढ्याच घनफळाचं पाणी हवेच्या तीन हजार पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. पण नळ्या स्लॅबमध्ये घालायच्या तर स्लॅब ओतायच्या आधी ठरलं पाहिजे ना? आम्ही यंत्र सुचवतो, कारण आम्हाला बोलावलं जातं तेव्हा फक्त यंत्र सुचवण्याइतकीच जागा उरलेली असते.

सचिव_बी_विंग

नमस्कार. मी इंजिनिअर नाही. पुण्याच्या पश्चिमेला एका मोठ्या सोसायटीची सचिव आहे. लॉबीत ग्रीन रेटिंगची पाटी आहे, तिच्याखालून जाऊन मी रोज टँकरवाल्याला फोन करते.

आमच्या तळघरात सांडपाण्याचा प्लांट आहे. प्लंबिंगच्या दोन वेगळ्या लाइन आहेत, एक पिण्या-आंघोळीची, एक फ्लशसाठी शुद्ध केलेल्या सांडपाण्याची. कागदावर उत्तम. ताबा मिळाल्यावर बिल्डरने एका फाइलमध्ये यंत्रांची पत्रकं घालून दिली आणि ऑपरेटर काढून घेतला. प्लांटचा हवा सोडणारा ब्लोअर दिवसरात्र चालला पाहिजे, नाहीतर त्यातले जिवाणू मरतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. विजेचं बिल बघून आधीच्या कमिटीने तो रात्री बंद ठेवायला सांगितलं. काही आठवड्यांत पाण्याला असा वास यायला लागला की सी विंगच्या लोकांनी फ्लशच्या टाकीला साधं पाणी जोडून घेतलं. आता प्लांट नावाला आहे आणि फ्लशला टँकरचं पाणी जातं. गच्चीवरच्या सोलर हीटरच्या नळ्या बोअरच्या जड पाण्याने क्षार धरून चोंदल्यात. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यांवर मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, आम्हाला ती हवी आहे, पण आधी यंत्रणा चालायला हवी.

मला या वादात एवढंच विचारायचं आहे, इंजिनिअर पहिल्या दिवशी आला हे चांगलंच, पण तो शेवटच्या दिवसानंतर कुठे असतो? ज्याने प्लांट आखला त्याचं नावही आमच्या फाइलमध्ये नाही.

दरपत्रक

ताई, यात रहिवाशांचीही जबाबदारी धरा. मेंटेनन्स चौरस फुटाला थोडा वाढवायचं म्हटलं की सर्वसाधारण सभेत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ब्लोअर कमिटीने बंद केला, बिल्डरने नाही.

सचिव_बी_विंग

बरोबर, कमिटीने केला. कुणीतरी अर्धा तास समजावून सांगितलं असतं तर केला नसता. आणि वीज इतकी खाणारं यंत्र आखताना ती वीज कोण भरणार हा प्रश्न आखणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा होता. महिन्याला किती युनिट जातील हा आकडा विक्रीच्या वेळी लेखी द्या, मग आमच्याकडून जबाबदारीची अपेक्षा करा.

एचव्हॅक_ठाणे

सचिव ताईंचं म्हणणं अगदी मुळावर आहे. रेटिंगची मोजणी बहुतेक आखणीवर असते, प्रत्यक्ष वापरावर नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९ पासून कार्यालयांच्या इमारतींना तारांकन सुरू केलं, ते वर्षभराच्या खऱ्या बिलावर दिलं जातं, चौरस मीटरला किती युनिट जळाले त्यावर. सोसायट्यांनाही असंच हवं. जादा एफएसआय हवा ना? मग त्यातला काही भाग दोन वर्षांची बिलं दाखवल्यावर मोकळा करा, किंवा तेवढ्या रकमेची बँक हमी ठेवा.

टेम्सकाठी_कोल्हापूरकर

लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. मूळ लेखकाने मागितलेले आकडे आमच्या रोजच्या कामाचा भाग झालेत, म्हणून थोडं सांगतो. थोडं सावधही करतो.

२०२१ च्या लंडन प्लॅनपासून मोठ्या प्रकल्पांना इमारतीच्या पूर्ण आयुष्याचा कार्बन, म्हणजे तिच्यामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, मोजून द्यावा लागतो, साहित्यापासून पाडकामापर्यंत. डेन्मार्कने २०२३ पासून हजार चौरस मीटरच्या वरच्या नव्या इमारतींना चौरस मीटरला वर्षाला १२ किलो कार्बन डायऑक्साइडची कमाल मर्यादा घातली आणि नंतर ती आणखी खाली आणली. याचा कामावर खरंच परिणाम होतो. पूर्वी बीमचा स्पॅन, म्हणजे दोन कॉलममधलं अंतर, आर्किटेक्ट सांगेल तो. आता पहिल्याच बैठकीत मी दोन पर्याय टाकतो, नऊ मीटर आणि साडेसात मीटर, प्रत्येकाचा कार्बन शेजारी लिहून. बहुतेक वेळा साडेसात निवडला जातो.

पण आकडा सक्तीचा झाला की आकड्याशी खेळणंही सुरू होतं. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं मार्क्स अँड स्पेन्सरचं जुनं दुकान पाडायचं की वापरायचं यावर इथे मोठा वाद झाला. पाडणाऱ्यांच्या बाजूनेही कार्बनचे तक्ते होते आणि वाचवणाऱ्यांच्या बाजूनेही. जुलै २०२३ मध्ये मंत्र्यांनी पाडायला नकार दिला, मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने तो नकार रद्द केला आणि डिसेंबरमध्ये नव्या सरकारने परवानगी दिली. दोन्हीकडे नामवंत इंजिनिअर होते. तेव्हा इंजिनिअरची सही आली म्हणजे निर्णय शास्त्रीय झाला असं समजू नका. सही करणाऱ्याचं बिल कोण भरतो ते आधी बघा.

तुमच्या चर्चेत पुनर्विकास अजून आलाच नाही याचं मला नवल वाटतं. पुण्या-मुंबईत ३५-४० वर्षांच्या, चांगल्या उभ्या इमारती सरसकट पाडल्या जातायत. नव्या इमारतीला कितीही पाट्या लावा, पाडलेलं काँक्रीट कुणाच्याच हिशेबात येत नाही.

तिसरा_मजला_मुलुंड

तुम्ही लंडनमध्ये बसून आमची इमारत 'चांगली उभी' आहे म्हणताय. माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे, लिफ्ट नाही, ती पावसाळ्यात महिनामहिना खाली उतरत नाही. स्वयंपाकघराच्या स्लॅबची खपली पडली तेव्हा ती ओट्याजवळ नव्हती म्हणून वाचली. गज उघडे आहेत, गंजून पापुद्रे सुटलेत. पाच वेळा दुरुस्ती केली, दर वेळी वर्गणी, दर वेळी परत तेच. आता पुनर्विकासात लिफ्ट, दोन खोल्या जास्त आणि सुरक्षित छप्पर मिळतंय, तर तुम्हाला त्यातला कार्बन दिसतो. पृथ्वी वाचवायची जबाबदारी नेहमी मध्यमवर्गीय चाळकऱ्यानेच का घ्यायची? आधी ते काचेचे टॉवर बघा ना.

स्ट्रक्चरवाला_पुणे

मुलुंडकर, तुमचं घर पाडू नका असं मी म्हणणार नाही. तुम्ही सांगता तसे गज असतील तर तिथे माणूस राहणंच चुकीचं आहे. जीव आधी, कार्बन नंतर, यावर वाद नाही.

पण हे ठरवायचं कसं ते सांगतो, कारण इंजिनिअरचं सगळ्यात मोठं हरित काम आज मला इथेच दिसतं. ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. मुंबईत त्यावरून वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. पाडायचं की वाचवायचं हा निर्णय एका इंजिनिअरच्या कागदावर उभा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो कागद दोन तास फिरून, फोटो काढून लिहिला जातो.

नीट ऑडिट असं असतं. कॉलमचा कोपरा छिन्नीने फोडायचा, ताज्या फुटलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलिनचं पाणी फवारायचं. काँक्रीट निरोगी असेल तर ते क्षणात गडद गुलाबी होतं. जिथवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलाय तिथवर रंगच येत नाही. मग पट्टीने मोजायचं, बिनरंगी थर किती मिलिमीटर आणि गज किती आत. थर दहावर थांबला असेल आणि गज पंचवीसवर असेल तर त्या कॉलमला अजून पुष्कळ आयुष्य आहे. थर गजाच्या मागे गेला असेल तर वरून कितीही प्लास्टर करा, आतून गंज चालूच राहणार. तुमच्या पाच दुरुस्त्या बहुधा याच कारणाने फुकट गेल्या. शिवाय गजांना गंज चालू आहे का ते विजेच्या दाबावरून दाखवणारी हाफ-सेल चाचणी, काँक्रीटचा नळकांडीसारखा नमुना (कोअर) काढून ताकद, आणि गंज वाढवणाऱ्या क्लोराइडचं प्रमाण. एकाच इमारतीत संडास-बाथरूमकडचे कॉलम गेलेले आणि दर्शनी बाजूचे ठणठणीत, असं मी नेहमी पाहतो. अशा ठिकाणी जॅकेटिंग करून, म्हणजे कॉलमभोवती गज-काँक्रीटचं नवं आवरण घालून, बाहेरून लिफ्टचा मनोरा जोडून काम भागतं, तुमच्या आईला चार वर्षं भाड्याच्या घरात काढावी लागत नाहीत.

दरपत्रक साहेबांनी महिन्यांचा हिशेब मांडला, तो मला मान्य आहे. वरच्या मजल्यांच्या स्लॅबला ५६ दिवस मी मागितलेच नाहीत, पायाच्या राफ्टपुरतंच म्हणालो. आणि आता चुनखडी व भाजलेल्या मातीच्या सिमेंटला, एलसी-३ ला, २०२३ मध्ये भारतीय मानक मिळालंय, आयएस १८१८९. त्यात क्लिंकर साधारण निम्मं आणि सुरुवातीची ताकदही बरी येते. ते तुमच्या पुढच्या निविदेत एक पर्याय म्हणून लिहा, एवढंच मागतो. दर आल्यावर बोलू.

दरपत्रक

पर्याय म्हणून लिहायला हरकत नाही. आमच्या भागात पुरवठा नियमित असेल तर. मात्र जबाबदारी तुमच्या सहीने, माझ्या नाही.

स्ट्रक्चरवाला_पुणे

माझ्या सहीने. तेच तर सुरुवातीपासून मागतोय.

तिसरा_मजला_मुलुंड

ती गुलाबी रंगाची चाचणी आमच्याकडे कुणी केली नाही. फोटोच काढले. ऑडिटर बिल्डरने पाठवला होता, फीही त्यानेच भरली.

मांजराकाठ

मग ते ऑडिट धरूच नका. सोसायटीने स्वतःच्या पैशाने, पुनर्विकासाशी संबंध नसलेल्या इंजिनिअरकडून करून घ्या. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध आले तर मुंबई महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे, तिच्याकडे दोन्ही जातात. खर्च घरटी वाटला तर तुमच्या एका दुरुस्तीच्या वर्गणीपेक्षा कमी पडावा.

तिसरा_मजला_मुलुंड

पुढच्या सभेत विषय ठेवतो. चाचण्यांची यादी इथेच सविस्तर लिहून द्या, कुठल्या कॉलमला किती ठिकाणी फोडायचं तेसुद्धा, म्हणजे कुणी दोन ठिकाणी करून मोकळा होणार नाही. अहवाल सी-१ आला तर मात्र मी पाडण्याच्याच बाजूने मत देणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

स्ट्रक्चरवाला_पुणे

जरूर द्या. यादी उद्या इथेच टाकतो. तळमजल्याचे कॉलम, संडासाच्या बाजूचे सगळे मजले आणि गच्चीखालचा स्लॅब, ही तीन ठिकाणं सुटता कामा नयेत.